अभिमन आबाचं शुटिंगातलं मरण

…आन् केळी काबरं लपवायची, हे मले अजून कोणी सांगितलं नाही. यावल तालुक्यात, बाप्पा, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिकडं मान वळवाल तिकडं केळी, माणूस घरातून निघतो तो केळीतून जातो आन् केळीतूनच परत येतो, आन् हे शुटिंगवाले पाव्हणे म्हणतात कसे, "केळी दिसता कामा नये." मंग काय, तुम्हाले सांगते, अख्ख्या गावानं घरातल्या गोधड्या काढल्या, लग्नाच्या सतरंज्या काढल्या, शाळेच्या गॅदरिंगचा पडदा काढला आन् बांधाबांधानं बांधून टाकलं सगळं. डोंगर दिसला पाहिजे, केळी नको. कारण काय, तं सिनेमातलं गाव हिमाचलात होतं. मी म्हणते, हिमाचलात होतं तं हिमाचलात जायचं नं बाई, इकडं कसाले आले? तं म्हणे तिकडं गर्दी फार, आन् आमच्या गिरधरनं इकडून सांगून ठेवलेलं, आमच्याकडं या, सगळी सोय होते.

हा गिरधर म्हणजे आमचा उपसरपंच. जळगावले कोणत्या तरी मिटिंगीत त्यानं ऐकलं की डोंगराकाठच्या गावांनी शुटिंगवाल्यांले बोलवावं, त्यांची सोय पाहावी, म्हणजे गावाचं नाव होतं. तिथून आला तो निराळाच माणूस. 'शुटिंग स्वागत समिती' काढली. फाट्यावर पाटी लावली. मोबाईल घेऊन डोंगरात फिरे, धबधब्याचे व्हिडिओ काढे, आन् धबधबा आटलेला असला तं वरून दोन पोरांले बादल्या ओतायले लावे. बोलणं तं असं, मले म्हणे, "अक्का, डोंगर आपल्याकडं फुकट उभा आहे, त्याले कामाले लावलं पाहिजे." डोंगर काय सालदार आहे का कामाले लावायले? पण गाव हो म्हणालं. गाव कशालेही हो म्हणतं.

आन् आले बरं का ते. वैशाखात आले. वैशाखातलं आमचं ऊन तुम्हाले माहीत आहे, पत्र्यावर पापड टाकला तं तळूनच निघतो, आन् त्या उन्हात अख्ख्या गावाले स्वेटर वाटले. बायांले लोकरीच्या शाली, गड्यांले कानटोप्या. बर्फ पाहिजे म्हणून धरणगावहून गाडी भरून कापूस आणला आन् अंगणाअंगणात पसरला. भिकुबाईची कोंबडी त्या बर्फावर खुडूक बसली, तिले उठवता उठवता त्यांचा सगळा सकाळचा उजेड गेला. आता घामानं चिंब झालेले लोक कापसावर उभे राहून थंडीनं कुडकुडू ऱ्हायले… यातलं खरं कोणतं आन् शुटिंगातलं कोणतं, तुम्हीच निवडून द्या मले.

भिकुबाई म्हणजे माह्या शेजारची. तिच्या भिंतीले माही भिंत. घर गावाच्या टोकाले, कौलारू, मागं एकदम डोंगर, म्हणून शुटिंगवाल्यांनी तेच धरलं. त्यांची मुख्य एक पोरगी होती, ऋतिका नावाची, मुंबईची. पँट घातलेली, डोक्यावर टोपी, बोलायले मात्र गोड. ती ओट्यावर बसून भिकुबाईले सगळी स्टोरी सांगे. म्हणे, या घरातला म्हातारा मरतो, मुलगा शहरातून येतो, बापाशी बोलायचं राहून गेलेलं असतं. भिकुबाईच्या मनात आलं, आमच्या घरात तं बापलेक एका ताटाजवळ बसून बोलत नाहीत, त्याच्यासाठी मरायले कसाले पाहिजे? पण पाव्हण्यांपुढं घरचं कोण बोलतं?

तं मरायच्या दिवशी झालं काय, मरणारा म्हातारा होता पुण्याचा. चांगला खानदानी माणूस, पण स्वेटर, कानटोपी, वरून घोंगडी, त्यात आमचं ऊन. गडी मरायच्या आधीच चक्कर येऊन पडला. फैजपूरले नेला, सलाईन लावलं. इकडं तिरडी बांधून तयार, बाया रडायले बसलेल्या, आन् मढं दवाखान्यात. ऋतिका डोक्याले हात लावून बसली, आन् तिची नजर गेली अभिमन आबावर.

अभिमन आबा म्हणजे भिकुबाईचा मालक. बाजेवर पडून मजा पाहत होते. ऋतिका म्हणे, "बाबा, तोंडावर कापडच असणार आहे. फक्त झोपून राहायचं." भिकुबाईले वाटलं, जन्मभरात पहिल्यांदा यांच्या जोगतं काम निघालं. आबा जरा कचरले, जित्त्या माणसानं तिरडीवर निजावं का म्हणे. पण गिरधर कानाशी लागला, आबा, गावाच्या नावाचा प्रश्न आहे. शिवाय कापडाखाली ओला पंचा देणार होते आन् बाजूले मोठा पंखा. ऊन असं की पंख्यासाठी माणूस कुठंही निजेल. निजले.

आता रडणं. सिनेमातली म्हातारी होती एक बाई, तिनं डोळ्यात औषध घातलं, खांबाले टेकून बसली आन् गालावरून एक टिपूस काढलं. एकच. आवाज नाही, छाती पिटणं नाही, काही नाही. आमच्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. तिचं अंगण, तिचा ओटा, तिरडीवर तिचा माणूस, आन् रडणं असं? तिच्यानं राहवलं नाही. ती उठली आन् म्हणाली, "अवं पोरी, नवरा मेल्यावर असं रडशील तं लोकं म्हणतील, हिनंच मारला."

ऋतिका हसली. म्हणे, "मग आजी, तुम्ही दाखवा ना."

"पण हिमाचलात कसं रडतात, मले काय ठाऊक?"

"रडणं सगळीकडे सारखंच असतं, आजी."

मंग भिकुबाई बसली उशाशी. पदर पुढं ओढला आन् हेल काढला, "कसे गेले वंऽ माय मले टाकूनऽऽ…" तुम्हाले सांगते, माह्या अंगावर काटा आला, आन् मी तिच्याच मागं बसले होते. आता आमच्याकडची रीत अशी की हेल काढला म्हणजे मेलेल्याचे गुण मोजायचे. एकेक गुण, एकेक हेल. तिनं सुरुवात केली. कधी दारूले शिवले नाही वंऽ माय. कधी कोणाचा बांध कोरला नाही वंऽ माय. आन् इथं आबाचे गुण सरले. हेल तं निघालेला, तो काय मधी थांबतो? मंग ती तशीच पुढं गेली. कधी एक तांब्या पाणी हातानं घेतलं नाही वंऽ माय… माह्या डाळीत रोज मीठ कमी सांगितलं वंऽ माय… वणीच्या देवीले नेतो म्हणे म्हणे, आन् फाट्याच्या पुढं नेलं नाही वंऽ माय… पोरगा झाला तं म्हणे माह्यासारखा, पोरगा चुकला तं म्हणे तुह्यासारखा वंऽ माय… बाकीच्या बायांले एकदम आपापले मालक आठवले, त्यांनी असा सूर धरला, असा सूर धरला की डोंगरातून परत ऐकू येई. ऋतिका काही थांबवेना. कॅमेरेवाला स्वतःच डोळे पुसू ऱ्हायला. आन् कापडाखाली आबाचा अंगठा हलताना मी पाहिला, पण 'कट' म्हटल्याबिगर उठायचं नाही असं सांगितलेलं. लगीन झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी बायकोचं पुरं ऐकून घेतलं.

इथंवर सगळं शुटिंगातलं, हे मीही मानते. पुढं घोळ झाला.

सिनेमातला जो मुलगा होता, त्याले विस्तवाचं मडकं धरता येईना. दोरीत अडकवलेलं मडकं, तो ते जेवणाच्या डब्यासारखं हलवत चाले. एक ठिणगी त्याच्या स्वेटरवर पडली. ऋतिका म्हणे, पाठच दिसणार आहे, गावातला कोणी घ्या. आन् गिरधर, ज्याची त्याची सोय पाहणारा, त्यानं कोणाले पुढं केलं? प्रेमराजले. आबाच्या सख्ख्या, एकुलत्या एक पोराले. काय तं म्हणे, उंची जुळते.

पोरगा मुकाट पुढं निघाला. मागं तिरडी. ओढ्यावर लाकडं रचलेली. तिथं आबाले उठवून बाहुला ठेवायचा असं ठरलेलं, पण आबा ओल्या पंचात गाढ झोपलेले, आन् ऋतिका म्हणे, उजेड चालला, राहू द्या बाबांना तसंच, आग काही लावायची नाही, फक्त मडक्याचं घेऊ. प्रेमराजनं पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं, लाकडांभोवती फिरला, मागून एकानं दगडानं भोक पाडलं, धार लागली, आन् शेवटी मडकं पाठीमागं टाकून फोडलं त्यानं. आन् सवयीनंच म्हणा, तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकली.

त्या बोंबेनं आबाची झोप मोडली. लाकडांवर उठून बसले आन् विचारलं, "चहा झाला का?"

सगळे हसले. ऋतिकानं टाळ्या वाजवल्या. गिरधर लोळायचा बाकी राहिला. हसले नाहीत एक बन्सीलाल नाना. गावातले सगळ्यात वडील माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर आमच्याकडं मांडव पडत नाही. ते काठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "पोराच्या हातून बापासमोर मडकं फुटलं."

झालं. गिरधर म्हणे, नाना, शुटिंग होतं. नाना म्हणाले, "मडकं खरं होतं नं? पोरगा खरा होता नं? बाप खरा होता नं? मंग खोटं काय होतं, स्वेटर?" मी तं रात्रभर शोधलं. यातलं खरं कोणतं आन् शुटिंगातलं कोणतं, तुम्हाले सापडलं तं सांगा.

घरी आल्यावर भिकुबाईले काही सुचेना. रडली म्हणून डोक्यावरून पाणी घेतलं तिनं. पण चूल पेटवावी का नाही? मढं दारातून निघालं तं चूल पेटत नाही, आन् इथं मढंच ओट्यावर बसून भाकर मागू ऱ्हायलं. मी आपलं पिठलं-भाकर टोपलीत घालून नेऊन दिली, न जाणो. मेलेल्याच्या घरी शेजारपाजारचे नेतात, तशी. सगळी आबांनीच खाल्ली. वरून कांदा मागितला.

आन् दुसऱ्या दिवशी वेशीपासून रडण्याचा आवाज. कोणी तरी तिरडीचा व्हिडिओ मोबाईलवर टाकलेला, तो फिरत फिरत धरणगावले पोहोचला, भिकुबाईच्या माहेरी. तिचा धाकटा भाऊ जीवराम जीप करून, बायामाणसं भरून आलेला. काखेत पांढरं लुगडं, माहेरचं, दुःखाचं. अंगणात पाय टाकला आन् हंबरडाच फोडला, "मना दाजी गया रेऽऽ…" आन् पाहतो तं दाजी ओट्यावर दाढी करू ऱ्हायलेले.

जीवराम म्हणे, "दाजी… तुम्ही शेतस का?"

आबा त्याच्याच अहिराणीत म्हणाले, "शे नं, आहे. बस. चहा घेशील?"

पण जीपमधल्या बायांचं रडणं उतारावरच्या गाडीसारखं, एकदम थांबेना. त्या भिकुबाईच्या गळ्यात पडून रडून घेऊ लागल्या, आन् ती बिचारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत सांगे, अवं, आहेत, आहेत ते. ते पांढरं लुगडं मात्र जीवरामनं परत नेलं नाही. असलं लुगडं परत नेत नाहीत. ते भिकुबाईच्या खुंटीवर लटकत राहिलं.

इथवर मीही हसत होते, खोटं कशाले बोलू. पण त्याच आठवड्यात गावातल्या भागाबाईच्या पोरीची, रूपालीची हळद होती. भिकुबाई सवाष्णींत पुढं असणारी बाई, गावात कोणाचीही हळद तिच्या हाताबिगर दळली गेली नाही. ती गेली, नेहमीसारखी जात्यापाशी बसायले लागली, तं भागाबाई म्हणाली, "अक्का, तुम्ही आज बसा तिकडं. दमल्या असाल." बस, एवढंच. मंग कुंकवाचं ताट फिरलं. तिच्या डाव्या बाजूच्या बाईले लावलं, आन् तिथून ताट सरळ उजव्या बाजूच्या बाईकडं गेलं. भिकुबाईनं पदर सारखा केला आन् मागच्या दारानं निघून आली. माह्याकडं आली. म्हणाली, "झुंबरबाई, माहा माणूस घरी भुईमूग फोडत बसला आहे, आन् मी रांडाव कशी झाली वं?"

मी तिच्या कपाळावर माह्याच करंड्यातलं कुंकू लावलं.

आता हे निस्तरायले पाहिजे म्हणून प्रेमराज फैजपूरहून महाराजांले घेऊन आला. महाराजांनी पोथी चाळली, डोळे मिटले, उघडले. म्हणाले, मडकं फुटलं म्हणजे जुना जन्म संपला, त्याले इलाज नाही. पण माणूस आहे, म्हणजे नवा जन्म झाला. तव्हा त्याले न्हाऊ घाला, पाळण्यात घाला, नाव ठेवा, आन् मंग बायकोशी नव्यानं लगीन लावा. झालं, मोकळं.

तं पाळणा बांधला. आबा काही पाळण्यात मावेनात, म्हणून त्यांचं फक्त मुंडासं ठेवलं पाळण्यात आन् झोका दिला. नाव अभिमनच ठेवलं, रेशनकार्डवर तेच आहे म्हणून. बाया गाणी म्हणत होत्या, आबा बाजूले उभे राहून घुगऱ्या खात होते. मंग महाराज भिकुबाईकडं वळले, म्हणाले, "आता वधूची संमती पाहिजे. काय बाई, पसंत आहे का वर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या सुद्धा. पुढचा मुहूर्त काढायले सुरुवात. आन् भिकुबाई म्हणाली, "विचार करून सांगते."

पाळण्याची दोरी धरलेल्या बाईनं झोका सोडूनच दिला.

प्रेमराज रडकुंडीले आला. आई, हो म्हण नं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "तुह्या बापाले दिलं तव्हा मले कोणी विचारलं नव्हतं रे. आता पहिल्यांदा विचारू ऱ्हायले, तं मले जरा बसून घेऊ दे की त्यात."

आन् बसली ती, चांगली ऐसपैस बसली. तोवर आबा बिनलग्नाचे, म्हणून घरात निजायची सोय नाही, ओट्यावर. पहिले काही दिवस रुबाबात होते, कुठं जाते म्हणे. मंग हळूहळू माणूस हलला. नळाचं पाणी भरू लागले. डाळीले नावं ठेवायची थांबली. एकदा तं कपाशीच्या काडक्यांवर वांगी भाजून, स्वतः ठेचून, भरीत करून दारात ठेवून गेले, आन् भांडं परत न्यायले आले तं दाराबाहेरूनच खाकरले. गाव सगळं पाहे. आमच्या बाया आपापल्या मालकांले म्हणू लागल्या, तुमचं मडकं कव्हा फोडायचं?

गिरधरची मात्र वेगळीच धावपळ. त्यानं ऋतिकाले फोन लावला. ताई, आबाचं लगीन आहे, खरंखुरं, परत या, सगळी सोय करतो. तं तिकडून ती म्हणे, दादा, काम संपलं हो आमचं, आणि एक सांगायचं राहिलं, आम्ही गोष्ट बदलली, सिनेमात म्हातारा आता मरत नाही, वाचतो. मरण पाहून लोकांना वाईट वाटतं म्हणे. ते रडणं, ते मडकं, सगळं काढून टाकलं. ठेवलं काय? कोंबडी. बर्फावर बसलेली कोंबडी ठेवली आहे.

घ्या. गिरधर धावत नानांकडं गेला. नाना, सिनेमात आबा मेलेच नाहीत, मंग लगीन कसाले? नाना म्हणाले, "सिनेमात वाचला असेल. गावात मेला." म्हणजे मरायचं शुटिंग खोटं, तं मरण खरं, आन् सिनेमा खरा, तं त्यात मरणच नाही… मी म्हातारी बाई, मले लिहिता-वाचता येत नाही, पण माह्यासारखीचं डोकं फिरवायले एवढं पुरे नाही का? यातलं खरं कोणतं आन् शुटिंगातलं कोणतं, निवडायले बसले तं सूपच रिकामं होतं.

शेवटी एका दुपारी आबा दारात आले. भिकुबाई तांदूळ पाखडत होती. जन्मभर 'अवं', 'ऐकलं का', 'कुठं मेली' एवढ्यावर संसार झालेला. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मुंडासं काढून हातात घेतलं आन् म्हणाले, "भिकुबाई, माह्याशी लगीन करशील का?"

तिनं सूप खाली ठेवलं. हाताचा कोंडा झटकला. मंग म्हणाली, "करते."

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. डोळे पुसले मी. औषध न घालता.

लगीन झालं, दणक्यात झालं. मांडव, अंतरपाट, वाजंत्री. जीवराम आला, या खेपेले हिरवं लुगडं घेऊन, आन् तोच कन्यादानाले बसला. भागाबाईनं सगळ्यांच्या आधी कुंकवाचं ताट भिकुबाईपुढं धरलं, आन् चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, हेही मी पाहिलं. अक्षता पडल्या. आबांनी मुंडासं सारखं केलं आन् नेहमीच्या आवाजात म्हणाले, चला, आता घरात चला, भाकर टाक.

तं भिकुबाई घराकडं न जाता जीवरामच्या जीपकडं गेली आन् पुढच्या सीटवर बसली.

आबा म्हणाले, कुठं? महाराज म्हणाले, "बरोबर आहे. नवी नवरी लगीन झाल्यावर माहेरी जाते. सासरहून न्यायले येतील तव्हा येते. रीत आहे." बन्सीलाल नानांनी मान हलवली. आता बोला. लगीन खरं, तं रीतही खरी. गिरधर इकडून तिकडं पाहू लागला, पण याची सोय त्याच्याकडं नव्हती. जीप धूळ उडवत गेली, आन् भिकुबाईनं मागं वळून पाहिलं नाही. नवी नवरी पाहत नाही.

तव्हापासून ती धरणगावले आहे. भावाच्या घरी खाटेवर बसून भावजयीच्या हातच्या गरम भाकरी खाते म्हणे, अंगावर जरा बाळसं आलं आहे. आबा न्यायले गेले होते. तिनं ओसरीवर बसवून चहा दिला, चौकशी केली, आन् सांगितलं, आमच्याकडं आखाजी, म्हणजे अक्षयतृतीया झाल्याबिगर पोरीले सासरी धाडत नाहीत. यंदाची आखाजी तं केव्हाच होऊन गेली, म्हणजे पुढच्याच सालची.

काल संध्याकाळी आबा माह्या दाराशी आले. हाताले पोळलेलं, कपड्याले पीठ. म्हणाले, जराशी पिठलं-भाकर देशील का? मी दिली. ओट्यावर बसून खात होते, डोंगराकडं पाहत होते, आन् मधीच घास थांबवून म्हणाले,

"झुंबरबाई, मेलो होतो तेच बरं होतं वं. बायको घरात तरी होती."